बक्षीस एकदा, व्याज दरमहा

जळगाव-धुळ्याच्या बाजारात फ्रिज घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "ताई, क्रेडिट कार्ड आहे का? सूट मिळेल." कार्ड घ्यावं की नाही, हे आपण बचत गटाच्या शेकड्यानं मोजू या.

समजा, कार्डावर 20,000 रुपयांचा फ्रिज घेतला. शंभराला एक रुपया बक्षीस धरलं, तर 200 रुपये सुटले. सगळं बिल मुदतीत भरलं तर व्याज नाही. पण बिलावर 'किमान रक्कम' लिहिलेली असते, समजा 1,000 रुपये. तेवढीच भरली, तर उरलेल्या 19,000 वर शेकडा साडेतीननं महिन्याला 665 रुपये व्याज, वर 18 टक्के जीएसटी. गटाचं शेकडा दोनचं कर्जही याहून स्वस्त!

आपल्याकडे कपाशीचा पैसा वेचणीनंतर येतो, कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला. म्हणून घरात दुधाचे, शिलाईचे किंवा पगाराचे पैसे दरमहा येत असतील, तरच कार्डाचा विचार करा.

1998 साली सुरू झालेलं किसान क्रेडिट कार्ड वेगळं. ते पीककर्ज आहे. 3 लाखांपर्यंत वर्षाला 7 टक्के व्याज, वेळेत फेडलं तर 4 टक्के, आणि परतफेड हंगाम पाहून.

सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: वर्षाची फी किती, महिन्याचं व्याज किती? क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ओटीपी कुणालाही सांगू नका. पुढच्या बैठकीत हा हिशोब सगळ्याजणी मिळून मांडा.