गावातली माणसं, गावाची नोंद

आपल्याकडे माणूस गेला की 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करायची असते. स्थानिक वर्तमानपत्रात निधनवार्ता येते: नाव, वय, पश्चात परिवार. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ सापडते. पण तो माणूस जगला कसा, हे यांतून क्वचितच कळतं.

कल्हईवाल्याचंच पाहा. भाता मारून भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. तो गेला की वर्षानुवर्षांचा हातचा अंदाजही जातो. सुईण, पत्रावळी लावणारी आजी यांचंही तसंच.

दहाव्या-तेराव्याला नातलग, शेजारी एकत्र येतात, आठवणी निघतात. तेव्हाच वही उघडा. कामाची पद्धत, गावात केव्हा आले, कुणाच्या अडीअडचणीला धावले, हे लिहून घ्या. जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने नावं आणि साल टाका. घरच्यांच्या संमतीने एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. गावाचा इतिहास याच माणसांनी घडवलेला असतो. तो लिहून ठेवणं आपलं काम आहे.