शब्द आणि रूपक

तुकाराम बीजेला भरदुपारी देहूत हजारो नजरा नांदुरकीच्या झाडाकडे लागतात. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले ते इथूनच, ही वारकऱ्यांची श्रद्धा. हे शब्दशः घ्यायचं की रूपक म्हणून, हा वाद जुनाच.

कॅथलिकांनाही हा पेच चुकलेला नाही. बायबलमधल्या सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस आपल्यासारखेच, सूर्य उगवून मावळणारे, असं संत ऑगस्टीन पाचव्या शतकातही मानत नव्हते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी बजावलं, गूढार्थ जरूर काढा, पण पाया शब्दार्थाचाच हवा. आणि शब्दार्थ म्हणजे लिहिणाऱ्याला जे सांगायचं होतं ते. देवाचा बाहू म्हटलं की हाडामांसाचा हात नव्हे, त्याचं सामर्थ्य!

येशूची आई मरिया हिचं स्वर्गारोहण मात्र सदेहच, असं पोप बारावे पायस यांनी 1950 साली जाहीर केलं. तिथे रूपकाला वाव ठेवला नाही.