विद्यार्थी, अर्थशास्त्र आणि घरचा हिशेब
(विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपण मला आज अर्थशास्त्रावर बोलण्यास सांगितले आहे. हा विषय ऐकताच काही माता-पित्यांच्या मनात आले असेल की, ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनी पैशाचे शास्त्र शिकावे; महिनाअखेर ज्यांचा डबा रिकामा होतो त्यांस ते काय कामाचे? मला नेमके याच्या उलट सांगावयाचे आहे. ज्याच्यापाशी पुष्कळ आहे त्याची एखादी चूक खपून जाते. ज्याच्यापाशी थोडे आहे त्याची तेवढीच चूक मुलाचे शिक्षण घेऊन जाते. म्हणून हे शास्त्र प्रथम आपले आहे.

परमपूज्य बाबासाहेब हे मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी, हे आपण पुष्कळदा विसरतो. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांस परत यावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या पगारातून शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

विद्यार्थी मित्रांनो, यातला एक धडा नीट ध्यानात घ्या. बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते. म्हणजे कर्ज हे सर्वथा वाईट नव्हे. प्रश्न एवढाच की, ते कशासाठी काढले? जे कर्ज माणसाची मिळवण्याची शक्ती वाढविते ते एक, आणि मांडवाच्या कनाती उतरताच ज्याचे सुख संपते व हप्ता मात्र उरतो ते दुसरे. अर्थशास्त्राचा पहिला पाठ हा भेद ओळखण्यात आहे.

आता पुस्तकातील विद्या आणि घरातील व्यवहार यांत केवढे अंतर पडते ते पाहा. माझ्या परिचयातील एक विद्यार्थी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात होता. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांची उदाहरणे तो बिनचूक सोडवी. एके दिवशी वडील त्यास म्हणाले, "बाळ, यंदा फी भरणे जमणार नाही, तू कामाला लाग." कारण विचारता कळले की, थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी वीस हजार रुपये घेतले होते, महिना शेकडा पाच दराने. दरमहा एक हजार रुपये ते नेमाने देत होते. सव्वीस महिने झाले होते. सव्वीस हजार रुपये गेले होते आणि मूळचे वीस हजार जसेच्या तसे उभे होते! महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ, हे गणित त्या मुलाला येत नव्हते काय? येत होते. परंतु घरचा कागद त्याने कधी मागितला नव्हता आणि वडिलांनी कधी दाखविला नव्हता.

पुढे आईने आपल्या बचत गटातून महिना शेकडा दोन दराने वीस हजार उचलले आणि तो व्यवहार मिटविला. गटाला दरमहा मुद्दलाचे एक हजार आणि उरलेल्या रकमेवरील व्याज द्यावयाचे. पहिल्या महिन्यात व्याज चारशे, दुसऱ्यात तीनशे ऐंशी, असे ते उतरत गेले. वीस महिन्यांत सगळे कर्ज फिटले आणि एकूण व्याज गेले चार हजार दोनशे रुपये. मुलगा आजही शिकतो आहे. घरात नवी मिळकत आली नव्हती. आला होता तो केवळ हिशेब.

दर सारखा दिसला तरी फसगत होऊ शकते. समजा, बारा हजार रुपये वर्षाला शेकडा बारा दराने घेतले आणि दरमहा मुद्दलाचे एक हजार फेडले. व्याज उरलेल्या मुद्दलावर धरले, तर वर्षाचे ७८० रुपये होतात. तेच व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर धरले, तर १,४४० रुपये होतात. दर एकच, नाव एकच. पण भार जवळजवळ दुप्पट. म्हणून 'दर किती?' एवढेच विचारून थांबू नका, 'व्याज कशावर?' हेही विचारा.

दुसरा पाठ भावमानाचा. रुपयाचा ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांनी असा आग्रह धरला की, परदेशी नाण्याशी रुपयाचा दर काय पडतो यापेक्षा देशात त्या रुपयाला काय मिळते, हे अधिक महत्त्वाचे. भाव आधी चढतात, मजुरी मागून चढते. मधल्या काळातले नुकसान कष्टकऱ्याच्या पदरी पडते. हे आपल्या घरालाही लागू आहे. भाव दरसाल शेकडा सहा वाढले, तर डब्यात दडविलेल्या शंभर रुपयांना बारा वर्षांनी आजच्या पन्नास रुपयांचाच माल मिळेल. म्हणून बचत डब्यात नको. पोस्टात वा बँकेत असावी. बँक बुडाली तरी प्रत्येक ठेवीदाराच्या त्या बँकेतील पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना व्याजासह विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. जो कोणी महिन्याला शेकडा दहा देतो म्हणून पैसे मागतो, त्याच्यापाशी असे कोणतेही संरक्षण नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांना हिशेब ठेवू दिला गेला नव्हता. महारकी वतनात कामाचे तास मोजलेले नव्हते आणि मजुरी ठरलेली नव्हती. बोलावणे येईल तेव्हा जावयाचे आणि मिळेल ते बलुते पदरात घ्यावयाचे. या पद्धतीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द करण्यात आली. ज्याच्या श्रमाचे मोजमाप नाही तो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो, हे आपल्याइतके कोणास कळणार? मग मोजण्याचा अधिकार मिळाल्यावर आपणच मोजणे सोडून द्यावे काय?

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास उपदेश करताना मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात, आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावयाचा. आजच्या मजुराच्या घरी एवढी वाटणी जमणार नाही, हे मी जाणतो. पण चौथा भाग जमत नसेल, तर विसावा भाग टाका. रक्कम लहान असो. नेम मोडू नका.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस माझे तीन गोष्टी करण्याचे सांगणे आहे. पहिली, आज घरी जाऊन एक वही करा आणि आई-वडिलांजवळ बसून महिन्याची जमा व खर्च लिहा. दुसरी, घरातील प्रत्येक कर्जाचा कागद वाचा. मुद्दल किती, व्याज कशावर, मुदत किती आणि देणाऱ्याला परवाना आहे काय, हे चार प्रश्न विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वये परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. तिसरी, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. तो पैसा भीक नसून हक्क आहे, आणि मुदत चुकविलेला हक्क हातचा जातो.

माता-पित्यांना माझी एकच विनंती आहे. कर्ज मुलांपासून लपवू नका. लाज कर्जाची नसावी, अज्ञानाची असावी. तुमचे मूल जे शाळेत शिकते ते त्याला घरी वापरू द्या. विहारात वंदनेला आपण एकत्र बसतो, तसे महिन्यातून एकदा वहीपुढेही एकत्र बसा. ज्या घरात हिशेब उघडा असतो, त्या घरातल्या मुलाची शाळा एकाएकी सुटत नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम!