मोटारींची कसोटी : रस्त्यावर आणि रिंगणात



दोन उत्तम मोटारींपैकी श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एवढेच असते की, जोरात कोणती पळते? शर्यतीच्या रिंगणात या प्रश्नाचे उत्तर घड्याळ देते आणि त्या निकालावर अपील नसते. रस्त्यावर मात्र घड्याळ हा अनेक साक्षीदारांपैकी एक आहे, आणि तो फारसा भरवशाचा नव्हे. या दोन न्यायालयांतील फरक कळावा म्हणून जर्मनीतील तीन प्रतिस्पर्धी मोटारींची हकीकत आज आपल्यापुढे मांडतो. त्या रस्त्यावरही विकल्या गेल्या आणि रिंगणातही एकमेकींशी झुंजल्या.

यांतील पहिली मर्सिडीज-बेंझ कंपनीची १९० ई २.३-१६. ही मोटार कच्च्या-पक्क्या वाटांवरील रॅली शर्यतींसाठी योजिली होती. पण १९८० साली ऑडी कंपनीने चारही चाकांना जोर पुरविणारी क्वाट्रो मोटार आणली आणि मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीचा त्या क्षेत्रात टिकाव लागणे कठीण झाले. तेव्हा मर्सिडीजने आपला मोर्चा डांबरी रिंगणाकडे वळविला. इंजिनाचे सोळा झडपांचे शिर इंग्लंडमधील कॉसवर्थ या संस्थेकडून तयार करून घेतले. १९८३च्या ऑगस्टमध्ये इटलीतील नार्दो येथील वर्तुळाकार मार्गावर ही मोटार ५०,००० किलोमीटर धावली. तिचा सरासरी वेग ताशी २४७ किलोमीटरांहून अधिक पडला. येथे वेगापेक्षा दम महत्त्वाचा होता. रात्रंदिवस दौड करूनही यंत्र थकत नाही, हे कंपनीला जगाला दाखवायचे होते.

पुढच्याच वर्षी या मोटारीच्या निमित्ताने एक मौजेची गोष्ट घडली. १९८४च्या १२ मे रोजी न्युर्बुर्गरिंग येथील नव्या शर्यतमार्गाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी अनेक आजी-माजी विश्वविजेत्यांना एकाच जातीच्या, म्हणजे याच मर्सिडीज मोटारींत बसवून शर्यत लावण्यात आली. निकी लाउडा, अलाँ प्रॉस्ट, जेम्स हंट, जॅक ब्रॅबहॅम अशी मातब्बर मंडळी मैदानात होती. जिंकला मात्र आयर्टन सेना हा चोवीस वर्षांचा ब्राझीलचा तरुण. फॉर्म्युला वनमधील त्याचे ते पहिलेच वर्ष होते. येथे तुलनेचा पहिला नियम हाती लागतो. मोटारी सारख्या असल्या म्हणजे माणसांची परीक्षा होते. मोटारींची परीक्षा घ्यावयाची असेल, तर चालविणाऱ्याचे कौशल्य आधी बाजूला काढून ठेवावे लागते, आणि ते फार अवघड काम आहे.

दुसरी मोटार बी.एम.डब्ल्यू. कंपनीची एम ३. ती दोनच दरवाजांची असली, तरी घराणे सेडानचेच. त्या काळच्या ‘ग्रुप ए’ नियमांप्रमाणे शर्यतीत उतरू इच्छिणाऱ्या मोटारीच्या बारा महिन्यांत किमान ५,००० प्रती तयार व्हाव्या लागत. म्हणजे कारखानदाराने केवळ रिंगणासाठी गुपचूप एखादे अस्त्र घडवावे, अशी सोय नव्हती. जे रिंगणात न्यायचे, त्याचे मूळ रूप दुकानातही मांडायचे. एम ३ या नियमाचे खरे अपत्य होय. पाउल रोशे या कुशल अभियंत्याच्या हाताखाली तिचे २.३ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन तयार झाले. त्याची शक्ती सुमारे २०० अश्वशक्ती होती. नेहमीच्या गाडीपेक्षा तिची मागची काच अधिक कलती ठेवली आणि डिकीचे झाकण उंच केले. हेतू असा की, वरून वाहणारा वारा मागच्या पंखावर नीट यावा आणि चाके जमिनीशी घट्ट राहावीत. पाहणाऱ्याला जी शोभा वाटे, ती वास्तविक गरज होती.

या दोघींना रस्त्यावर शेजारी-शेजारी उभ्या केल्या, तर त्यांचे स्वभाव निराळे दिसतात. मर्सिडीजच्या प्रत्येक मागील चाकाला पाच दुव्यांनी बांधलेले असे. त्यामुळे खड्ड्यावर वा वळणावर चाकाचा कोन सहसा ढळत नसे, आणि दूरच्या प्रवासात माणूस निर्धास्त राही. एम ३ची मागची रचना जुन्या वळणाची. भर वळणात चालकाने घाबरून पाय एकदम उचलला, तर तिची शेपटी बाहेर झुकू पाही. परंतु ती हलकी होती, वजन सुमारे १,२०० किलो, आणि पुढच्या चाकांखाली काय चालले आहे याची वार्ता ती चालकाच्या हातांना तत्काळ पोहोचवीत असे. एक प्रौढ, अबोल सोबती. दुसरी चपळ आणि स्पष्टवक्ती.

जर्मन मोटार स्पर्धेत १९८७ साली एम ३च्या बेल्जियन चालकाने, एरिक व्हान डे पूले याने, विजेतेपद मिळविले. विशेष हे की, त्या संपूर्ण हंगामात त्याने एकही शर्यत जिंकली नव्हती. कधी दुसरा, कधी चौथा, पण गुण सतत पदरात पाडीत तो शेवटी सर्वांच्या पुढे गेला. १९८९ साली रॉबेर्तो राव्हाल्या याने एम ३मधूनच तेच पद पटकावले. यश क्षणाच्या झेपेपेक्षा सातत्याला अधिक वश असते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आणि मग तिसरी मोटार आली, ऑडी व्ही ८. ही खरोखरच ऐषारामी थाटाची, चार दरवाजांची प्रशस्त सेडान. रस्त्यावरील तिच्या ३.६ लिटरच्या इंजिनाची शक्ती २५० अश्वशक्ती आणि चारही चाकांना जोर. एवढी अवजड गाडी रिंगणात काय करणार, असे कोणालाही वाटावे. पण १९९० साली हान्स-योआखिम श्टुक याने आणि १९९१ साली फ्रँक बीला याने तिच्यातून विजेतेपद मिळविले. १९९२ साली मात्र वाद पेटला. रस्त्यावरील व्ही ८चा क्रँकशाफ्ट काटकोनी मांडणीचा होता, तर शर्यतीच्या गाडीत सपाट मांडणीचा बसविला होता. तो नियमबाह्य ठरला आणि ऑडीने हंगाम अर्धवट सोडला. त्या वर्षीचे विजेतेपद क्लाउस लुडविगने मर्सिडीजला मिळवून दिले. त्याची १९० ई २.५-१६ इव्होल्यूशन दोन ही रस्त्यासाठी अवघी ५०२ घडविण्यात आली होती.

तो वाद एका लोखंडी दांड्याचा नव्हता. ‘ही रिंगणातली मोटार आणि ती दुकानातली मोटार, या दोघींचे नाते किती सच्चे?’ असा त्याचा खरा आशय होता. गिऱ्हाईक रविवारी शर्यत पाहते आणि सोमवारी दुकानात शिरते. विजयाचे तेज आपण विकत घेत आहोत, अशी त्याची समजूत असते. ते नाते तुटले, तर ती समजूत म्हणजे फसवणूक होते.

पण नाते सच्चे असले, तरी आणखी एक सावधगिरी उरतेच. रिंगणात सर्व गाड्या एकाच दिशेने धावतात. वळण पाठ असते, कडेला मोकळी जागा असते, मदतीला माणसे उभी असतात. तेथे यंत्राच्या शक्तीची शेवटची रती खर्च करणे हेच कर्तव्य. रस्त्यावर समोरून बैलगाडी येते, पोर चेंडूमागे धावते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते, म्हणजे चालकाच्या मनात ‘थांबावे’ हा विचार येईपर्यंतच एवढे अंतर सरलेले असते. वेग १०० वरून १४० झाला की आघाताची ऊर्जा दीडपट नव्हे, जवळजवळ दुप्पट होते. हे गणित कोणत्याही कारखान्याचे नाव पाहून बदलत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. रिंगणात जी मोटार आपल्या मर्यादेपर्यंत सर्वांत लवकर पोहोचते ती श्रेष्ठ. रस्त्यावर जी मोटार मर्यादा जवळ आल्याचे चालकाला सर्वांत आधी सांगते, आणि तिच्यापलीकडे भरपूर शिल्लक राखून चालते, ती श्रेष्ठ. या दृष्टीने वरील तिघींतही गुणदोष आहेत. एम ३ बोलते, पण चालकाच्या चुकीला फारशी क्षमा करीत नाही. मर्सिडीज सांभाळून घेते. ऑडी पावसातही पाय रोवते. परंतु तिचे शांत, मऊ सुख वेग लपविते, आणि लपलेला वेग हा सर्वांत धोक्याचा.

उद्या कोणी आपल्यापुढे दोन मोटारींचे आकडे मांडून त्यांतील एकीचा विजय घोषित केला, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारावे : हा निकाल कोणत्या न्यायालयाचा? रिंगणाचा असेल, तर टाळ्या वाजवाव्यात. रस्त्याचा असेल, तर आणखी एक साक्ष काढावी, मागच्या आसनावर बसलेल्या आईची किंवा मुलाची. ते माणूस प्रवासभर निश्चिंत झोपले असेल आणि घरी सुखरूप उतरले असेल, तर ती मोटार जिंकली असे खुशाल समजावे.