पोलीस ठाण्याच्या वहीचा हिशेब

(नागपूर येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आम्ही पडलो खेडेगावचे मास्तर. कायद्याची जाड पुस्तके आमच्या फळीवर नाहीत. परंतु हिशेब म्हणजे काय, हे शाळामास्तरास आणि कुणब्यास सारखेच समजते. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवून जो पावती न घेता घरी परततो, त्याचे शेत कधी गेले हे त्याचे त्यालाही कळत नाही. आज ज्या वहीविषयी बोलावयाचे आहे ती सावकाराची नव्हे, पोलीस ठाण्याची आहे.

खेड्यात कोतवाल कोण, पाटील कोण, हे पोरासोरांस ठाऊक असते. पाटलांनीही जुलूम केले, पण त्यांचे नाव चावडीवर घेता येत असे. नागपुराची गोष्ट निराळी. २०११ च्या खानेसुमारीत या शहरात सुमारे २४ लाख माणसे मोजली गेली. भाजी घेऊन आलेला माळी, मागावरचा कोष्टी, बांधकामावरची मजूर बाई यांना ठाण्यातला शिपाई ओळखीत नाही, आणि ती शिपायास ओळखीत नाहीत. म्हणून शहरात ओळखीचे काम कागदाने केले पाहिजे, आणि तो कागद तपासणारा बाहेरचा पाहिजे.

असा हिशेब नसला म्हणजे काय होते, ते या शहराने दोनदा पाहिले आहे.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी गुरे राखून पोट भरणारे गोवारी बांधव अनुसूचित जमातीच्या हक्कासाठी विधानभवनाकडे मोर्चाने निघाले. मॉरिस कॉलेजजवळ पोलिसांनी त्यांना अडविले. सांजेपर्यंत कोणी मंत्री भेटावयास आला नाही. गर्दी रेटली, लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत बायका व लेकरेच फार. पुढे आदिवासी विकासमंत्र्यांनी राजीनामा दिला, निवृत्त न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग बसला, झिरो माइलजवळ स्मारक उभे राहिले. परंतु आयोग एका प्रसंगापुरता बसतो आणि उठून जातो. लाठीचा हुकूम कोणी दिला, कोणत्या घटकेस दिला, वाट कोणी बंद केली, हे विचारावयास गोवाऱ्याच्या विधवेला बारमाही उघडे दार नव्हते.

दुसरी गोष्ट १३ ऑगस्ट २००४ ची. कस्तुरबा नगरच्या गरीब वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे लूट आणि बायकांवर अत्याचार चालविले होते. वस्तीतल्या बायकांचे म्हणणे असे की, तक्रार ठाण्यात दिली की ती फिरून गुंडाच्याच कानी जाई. शेवटी जमावाने भर न्यायालयात त्याला ठार केले. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या कृत्याची आम्ही तारीफ करणार नाही, कारण आज गुंडावर तुटून पडलेला जमाव उद्या निरपराध्यावरही पडतो. परंतु रीतसर तक्रारीला जागा मिळाली असती, तर बायकांना सुरी हाती धरण्याची पाळी का आली असती?

आता कोणी म्हणेल, पोलिसास बांधाल तर चोर मोकळे सुटतील. बाबांनो, शिपाई कोणाचा मुलगा? तुमचाआमचाच. बारा-बारा तास उन्हात उभा राहतो, आणि वरच्याच्या तोंडी हुकमाने बदनाम मात्र तो होतो. वरच्याला हुकूम लिहून द्यावा लागला, तर पहिला बचाव शिपायाचाच होईल. प्रकाश सिंह हे स्वतः पोलीस दलाचे मोठे अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर १९९६ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला. बदल्या मंत्र्याच्या लहरीवर नसाव्यात आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यास राज्यात व प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असावे, असे न्यायालयाने फर्माविले.

महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त केला. राज्य प्राधिकरणावर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश नेमावयाचे ठरले. कोठडीतील मृत्यू, जबर दुखापत, बेकायदा अटक, लाच, जमीन बळकावणे अशा तक्रारी तेथे नेता येतात. परंतु खालचे प्राधिकरण जिल्ह्याऐवजी महसुली विभागापुरते केले. नागपूर विभागात सहा जिल्हे. प्राणहितेकाठच्या सिरोंच्याच्या मजुराने रोजी बुडवून, गाडीभाडे काढून एवढ्या दूर यावे काय? शाळा गावात आणि तपासनीस परमुलखात, असा हा कारभार आहे. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यास प्राधिकरण द्या, आणि त्याचा अहवाल दरसाल मराठीत छापून ग्रामपंचायतीत वाचा, ही आमची मागणी आहे.

मागणी पुरी होईपर्यंत हात जोडून बसू नका. जे हाती आहे ते वापरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नव्हे, असे सांगून परत पाठविता येत नाही. लिहिलेली खबर वाचून दाखवून घ्या आणि नक्कल मागा, ती फुकट मिळते. खबर घेतली नाही तर लेखी अर्ज टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे, नागपूर शहरात आयुक्तांच्या कचेरीत पाठवा. तेथेही दाद नाही लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हांस कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

घरच्या माणसास धरून नेले तर अटकेचा कागद आणि त्यावरची साक्षीदाराची सही पाहा. चोवीस तासांत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. ठाण्यात मारहाण झाली तर तेथील कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवण्यासाठी लगेच लेखी अर्ज द्या. असे चित्रण निदान वर्षभर जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा हुकूम आहे.

एका अर्जाने काय होणार, असे म्हणू नका. १९८६ साली बंगालातील डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी सरन्यायाधीशांस एक पत्र लिहिले. न्यायालयाने तेच फिर्याद मानले, आणि १९९६ साली अटकेचे नियम साऱ्या देशास घालून दिले. अटकेचा जो कागद मागा म्हणून आम्ही आता सांगितले, तो त्याच पत्रातून निघालेला आहे.

तेव्हा प्रत्येक गावात लिहिता-वाचता येणाऱ्या दोन पोरांनी, आणि त्यांत एक मुलगी असावी, अर्ज लिहिण्याचे काम पत्करावे. कोणाही गरिबास ठाण्यात एकटे जाऊ देऊ नये, आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. मास्तर मंडळी शिकवावयास तयार आहेत.