जुना संगणक आणि नवी संचालन प्रणाली



शाळेतील निकालपत्रके, पंचायतीचे दाखले, सोसायटीचा हिशेब ही सारी कामे आज संगणकावर होतात. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील नंदिगड्डे यासारखे जंगलपट्ट्यातील गावही त्याला अपवाद राहिलेले नाही. ज्या संचालन प्रणालीवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवर, हे संगणक चालतात तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नित्याची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली, पण ती नोंदणी करणाऱ्यांपुरतीच. दुरुस्ती थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि म्हणूनच गाफीलपणा येतो. मृगापूर्वी कौले चाळली नाहीत तरी घर उभेच असते. फुटके कौल कळते ते पाऊस आल्यावर. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या उपद्रवी आज्ञावलीने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. वस्तुतः या दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना फटका बसला.

मार्ग कोणते?

विंडोज ११ घेणे हा पहिला मार्ग होय. विंडोज १० ची अधिकृत प्रत असल्यास त्यासाठी निराळे मूल्य द्यावे लागत नाही. परंतु यंत्र पात्र असावे लागते. किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक आहे. प्रोसेसरही कंपनीच्या मान्य यादीतील असावा लागतो; साधारणपणे २०१७ पूर्वीची यंत्रे येथे मागे पडतात. काही संगणकांत टीपीएम असते, पण बंद ठेवलेले असते. म्हणून नवे यंत्र खरेदी करण्यापूर्वी कंपनीच्या मोफत तपासणी-साधनाने खात्री करून घ्यावी. अटी चुकवून प्रणाली बसवून देणाऱ्यांपासून दूर राहणे इष्ट; अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

दुसरा मार्ग मुक्त प्रणालीचा आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सवर आधारलेल्या उबुंटू, मिंट आदी प्रणाली विनामूल्य मिळतात. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली सिद्ध केली आहे. विंडोज ११ ला अपात्र ठरलेल्या पुष्कळशा यंत्रांवर मिंट चालू शकते. केरळमधील सरकारी शाळांनी हा मार्ग फार पूर्वीच स्वीकारला. शाळांना तो सोयीचा आहे. कार्यालयांनी मात्र डिजिटल स्वाक्षरीचे साधन, छपाईयंत्र व विभागीय आज्ञावली नव्या प्रणालीवर चालतात की नाही, हे आपल्या वरिष्ठ कार्यालयाकडून आधी लेखी जाणून घ्यावे.

मराठी आणि कन्नड मजकुराचे काय?

खरी हानी होते ती येथे. जुन्या काळी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो. आत मात्र तो बहुधा रोमन अक्षरांच्या संकेतांतच साठविलेला असतो. नव्या संगणकावर तो टंक नसेल, तर वर्षानुवर्षांची इतिवृत्ते निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतात. जुन्या कन्नड टंकांचीही गत तीच. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी त्या टंकांच्या फाइली जपून ठेवाव्यात, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी विशेष काळजीने तपासावी. नावे व आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. दाखल्यातील एका अक्षराच्या चुकीनेही एखाद्या कुटुंबाला कचेरीचे हेलपाटे पडतात.

पुढील लेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. विंडोज व लिनक्स या दोहोंत तो उपलब्ध आहे. मराठीत ‘क’ ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर कन्नडचा ‘क’ आहे. कन्नड, कोकणी आणि मराठी या तिन्हींचा वावर असलेल्या सीमाभागातील विद्यार्थ्याला एकाच अभ्यासात दोन लिप्यांचे टंकलेखन साध्य होते.

प्रत्यक्ष काम करताना

प्रथम सर्व कागदपत्रांच्या दोन प्रती काढाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. प्रत काढली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नवी प्रणाली अनेक जीबींची असते. गावात संपर्क क्षीण असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी ती अधिकृत स्थळावरून पेनड्राइव्हवर उतरवून आणावी. पावसाळ्यात झाडे पडून वीज जाते, हे ध्यानात घेऊन काम उघडिपीच्या दिवशी, यूपीएस जोडून करावे. मध्येच वीज गेल्यास यंत्र सुरू होण्यास अडचण येते. सांकेतिक शब्द आणि विंडोजची पुनःप्राप्ती-किल्ली वहीत लिहून कुलपात ठेवावी. ‘तुमची प्रणाली कालबाह्य झाली आहे’ असा आपणहून दूरध्वनी करून कोणी संगणकाचा ताबा मागितल्यास तो देऊ नये. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

अगदीच निरुपयोगी झालेले यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यातील माहिती कायमची पुसून टाकावी, कारण त्यात गावकऱ्यांचे दाखले व बँक-खात्यांचे तपशील असू शकतात. त्यानंतर ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच सोपवावे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाळेने व पंचायतीने प्रत्येक यंत्राची प्रणाली, तिची मुदत आणि शेवटची प्रत काढल्याची तारीख एका नोंदवहीत लिहावी. एवढी शिस्त पाळली, तर जुन्या यंत्राचे आयुष्य वाढेल आणि गावाची कागदपत्रे गावाच्या हाती सुरक्षित राहतील.