संत्र्यातील ट्रिस्टेझा विषाणू : त्याचे कुळ, स्वभाव आणि कलमांची निवड

(संत्रा बागायतदार, शिक्षक व विभागीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन तहसिली संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून त्या वेगळ्या होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. परंतु जमीन, हवामान व पीक ह्या दृष्टीने हा भाग काटोल, नरखेड आणि वरूडच्या संत्रापट्ट्याशी पूर्वीपासून जोडलेला आहे. मध्ये राज्याची सीमा असली तरी कलमांची ने-आण थांबत नाही, आणि कलमांबरोबर जे येते तेही थांबत नाही. आज ज्याचा विचार करावयाचा आहे तो ट्रिस्टेझा विषाणू असाच कलमाबरोबर बागेत येणारा आहे.

विषाणू म्हणजे काय?

विषाणू हा बुरशीसारखा किंवा जिवाणूसारखा पेशीचा बनलेला जीव नव्हे. आनुवंशिक द्रव्याचा एक धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे आवरण, एवढीच त्याची रचना. त्याला स्वतः अन्न तयार करता येत नाही, की पेशीबाहेर वाढता येत नाही. झाडाच्या जिवंत पेशीत शिरल्यावर तो त्या पेशीकडूनच आपल्या प्रती तयार करवून घेतो. पेशीचे आणि त्याचे काम असे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळेच, बुरशी मारणाऱ्या औषधाप्रमाणे विषाणू मारणारे औषध बागेत फवारता येत नाही. एकदा लागण झालेले झाड आयुष्यभर विषाणू बाळगते.

ट्रिस्टेझाचा कण धाग्यासारखा लवचिक असतो. त्याची लांबी सुमारे २,००० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. जाडी मात्र अवघी १० ते १२ नॅनोमीटर. तंबाखूच्या मोझॅक विषाणूची लांबी ३०० नॅनोमीटर असते, हे ध्यानात घेतल्यास ट्रिस्टेझा वनस्पतिविषाणूंत किती लांब आहे याची कल्पना येईल. त्याच्या आत एकेरी आरएनएचा धागा असून त्यात सुमारे १९,३०० घटक ओळीने जोडलेले असतात.

वर्गीकरण कशासाठी?

विषाणूंची नावे व गट ठरविणारी आंतरराष्ट्रीय समिती १९६६ साली स्थापन झाली. त्यापूर्वी रोगाच्या लक्षणांवरून विषाणूला नाव देण्याची पद्धत होती. परंतु पाने पिवळी पडण्याची कारणे अनेक असतात, आणि एकच विषाणू निरनिराळ्या झाडांवर निरनिराळी लक्षणे दाखवितो. म्हणून आता आनुवंशिक द्रव्याचा प्रकार, त्यावरील जनुकांची मांडणी, कणाचा आकार आणि प्रसाराचे साधन यांवरून कुळ ठरविले जाते.

आपल्या देशात लिंबूवर्गीय झाडांवर आढळणारे तीन विषाणू शेजारी ठेवून पाहू. मोसंबीच्या पानांवर पिवळे ठिपके व पट्टे उमटविणारा पिवळा मोझॅक विषाणू आखूड दांडीच्या आकाराचा असून त्यात दुहेरी डीएनए असतो. भारतीय वलयठिपका विषाणू धाग्यासारखा आहे, पण त्याची लांबी सुमारे ६५० नॅनोमीटरच भरते. तिसरा ट्रिस्टेझा, त्याचे कुळ क्लोस्टेरोव्हिरिडी. ग्रीक भाषेतील चाती किंवा सूत अशा अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. झाड एकाच वर्गातले असले, तरी त्यावरील विषाणू एकमेकांचे नातेवाईक असतीलच असे नाही.

ट्रिस्टेझाच्या कुळातील प्रमुख पोटगट पाहिले म्हणजे वर्गीकरणाचा व्यावहारिक उपयोग स्पष्ट होतो. क्लोस्टेरोव्हायरस गटाचा प्रसार मावा करतो, क्रिनिव्हायरस गटाचा पांढरी माशी, तर द्राक्षवेलीवर आढळणाऱ्या अँपेलोव्हायरस गटाचा पिठ्या ढेकूण करतो. ट्रिस्टेझा पहिल्या गटातला. म्हणजेच कुळ व गट कळला की कोणत्या किडीवर नजर ठेवावयाची हेही कळते.

विषाणूचा स्वभाव

हा विषाणू झाडाच्या रसवाहिन्यांत, म्हणजे पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या नलिकांत राहतो. मावा आपली सोंड नेमकी तेथेच खुपसतो. लागण झालेल्या झाडावर काही काळ रस शोषल्यावर तो विषाणू उचलतो आणि दुसऱ्या झाडावर सोडतो. एक-दोन दिवसांत मात्र त्याची ही क्षमता संपते. काळपट तपकिरी रंगाचा लिंबूवर्गीय मावा हा ह्या विषाणूचा सर्वांत समर्थ वाहक मानला जातो. त्याखालोखाल येतो तो आपल्या परिचयाचा कपाशीवरील मावा. संत्रा आणि कपाशी एकाच शिवारात घेणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण कपाशीवरील मावा संत्र्याच्या कोवळ्या नवतीवरही येतो.

ह्या विषाणूचा प्रसार बियांतून होत नाही. त्यामुळे जंबेरीचे बी पेरून तयार केलेला खुंट आरंभी ह्या रोगापासून मुक्त असतो. त्यावर विषाणूयुक्त झाडाचा डोळा भरला की कलमाला जन्मतःच लागण होते.

ट्रिस्टेझा ह्या शब्दाचा अर्थ खिन्नता. १९३० नंतर ब्राझील व अर्जेंटिना ह्या देशांत आंबट नारिंगाच्या खुंटावरील संत्र्या-मोसंब्याची झाडे मोठ्या प्रमाणावर सुकून गेली, तेव्हा हे नाव पडले. हा रोग माव्यामुळे पसरतो हे ब्राझीलमध्ये मेनेगिनी यांनी १९४६ साली दाखवून दिले. आपल्याकडे वासुदेव व कपूर यांनी १९५८ साली तत्कालीन मुंबई राज्यातील लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासाचा संबंध ह्या विषाणूशी जोडला.

मग आपल्या बागा तशा का सुकल्या नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर खुंटात आहे. आंबट नारिंगाच्या खुंटावर डोळ्याच्या जोडाखालच्या रसवाहिन्या मरतात, मुळांना अन्न मिळत नाही आणि झाड वाळते. संत्रा व जंबेरी ही जोडी विषाणू बऱ्याच अंशी सहन करते. परंतु ही सहनशीलता दुधारी आहे. झाड हिरवेगार दिसते, फळेही देते, आणि आत विषाणू असतो. अशा झाडाला उत्तम समजून त्याच्या दहा डोळकाड्या घेतल्या आणि प्रत्येकीतून दहा डोळे मिळाले, तर शंभर कलमे बाधित झाली. सहा मीटर अंतराने एकरी सुमारे ११० झाडे बसतात. म्हणजे एका झाडाच्या चुकीच्या निवडीने जवळजवळ एक एकर बाग गेली. माव्याने झाडामागून झाड गाठावयाचे, तर माणूस एका दिवसात शंभर झाडे बाधित करून ती दूरच्या गावी पाठवितो.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, मातृवृक्षाची निवड नुसत्या नजरेने करू नये. प्रयोगशाळेत एलायझा किंवा पीसीआर पद्धतीने पानांची व सालीची तपासणी करता येते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८५ साली नागपूर येथे लिंबूवर्गीय फळांसाठी स्थापन केलेले राष्ट्रीय संशोधन केंद्र आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून कार्य करीत आहे, आणि ते पांढुर्णा-सौंसर भागास जवळचे आहे.

दुसरी गोष्ट, बाधित जातीपासूनही निरोगी झाड मिळविता येते. कोंबाच्या अगदी टोकाच्या वाढबिंदूत विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो. ते मिलिमीटरच्या अंशाएवढे टोक परीक्षानळीतील रोपट्यावर बसविण्याच्या पद्धतीस सूक्ष्म कलम म्हणतात. अशा झाडापासून पुढील मातृवृक्ष तयार करून ते कीटकरोधक जाळीत सांभाळावयाचे असतात.

तिसरी गोष्ट, रोपवाटिकेत माव्याचे नियंत्रण कटाक्षाने करावे, आणि कागदी लिंबाची जुनी झाडे रोपवाटिकेजवळ ठेवू नयेत. कागदी लिंबू ह्या विषाणूला फार लवकर बळी पडते. त्याची कोवळी पाने उजेडासमोर धरली असता शिरा तुटक तुटक पारदर्शक दिसतात, तर साल काढल्यावर लाकडावर खाचा आढळतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष दाखवावे. निरीक्षणाचा याहून चांगला पाठ गावात मिळणे कठीण.

चौथी गोष्ट, पिवळे झाड दिसले की विषाणूचा शिक्का मारू नये. डिंक्या बुरशीमुळे होतो. जंबेरीचा खुंट त्याला सहज बळी पडतो. ग्रीनिंग हा रोग सिट्रस सिल्ला ह्या किडीने पसरविलेल्या जिवाणूमुळे होतो. पाणी साचणे व जस्ताची कमतरता यांनीही पाने पिवळी पडतात. ह्यांतील बहुतेक दोषांवर उपाय आहेत. निदान न करता झाड तोडणे जितके हानिकारक, तितकेच विषाणूवर औषधे फवारीत पैसा घालविणेही.

संत्र्याचे कलम विकत घेताना आपण उंची पाहतो, पाने पाहतो, भाव पाहतो. ह्यापुढे त्याचा डोळा कोणत्या झाडाचा आणि त्या झाडाची तपासणी केव्हा झाली, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ग्राहक असे विचारू लागले म्हणजे रोपवाटिकाधारकही त्यांची उत्तरे लिहून ठेवू लागतील. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो ज्या वाटेने येतो ती वाट मात्र आपल्या हातातली आहे.